घरची व्यायामशाळा : साधनांची निवड आणि मात्राविचार

मधुमेह, स्थौल्य किंवा रक्तदाबवृद्धी यांवरील औषधपत्र खिशात ठेवता ठेवता रुग्ण शेवटचा प्रश्न विचारतो, "डॉक्टरसाहेब, घरी ट्रेडमिल घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?" हा प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्याचा होता. आता तो खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील चिकित्सालयांत नित्याचा झाला आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे बंद झालेल्या व्यायामशाळा महाराष्ट्रात २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. त्या सात महिन्यांत अनेक घरांत डंबेल्स, सायकली आणि पट्ट्याची यंत्रे आली. त्यांतील किती आज वापरात आहेत आणि किती कपडे वाळत घालण्याच्या कामी आली, हे वाचकांनी आपापल्या रुग्णांना विचारून पाहावे.

गुग्गुळाची मात्रा ठरवताना आपण अग्नी, कोष्ठ, वय, ऋतू यांचा विचार करतो. मात्र तीस-चाळीस हजारांचे यंत्र रुग्ण आपल्या सल्ल्याने घेत असेल, तर "घ्या, चांगले आहे" एवढ्यावर आपण थांबतो. वास्तविक सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सहा गोष्टी पाहण्यास सांगितले आहे, आणि त्या न पाहता केलेला व्यायाम रोगाला कारण होतो असेही बजावले आहे. साधन कोणते घ्यावे याचे उत्तर दुकानदाराच्या सूचिपत्रात नसून या सहा गोष्टींत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम बलाविषयी. अर्धशक्तीचा सिद्धांत आपणा सर्वांस परिचित आहे. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची वेळ येणे, हे अर्ध्या बलाचे लक्षण होय. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणे त्याच्या जोडीला सांगितली जातात. आजचे व्यायामतज्ज्ञ मध्यम व्यायामाची एक सोपी खूण देतात : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. दोन्ही खुणा एकाच जागी येऊन मिळतात. यंत्राच्या पडद्यावरील उष्मांकांचे आकडे हे ढोबळ अनुमान असते. रुग्णाने पडद्याकडे नव्हे, आपल्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. यांपैकी पहिल्या भागासाठी बहुतेकांना साधनाची गरजच नसते. साधन लागते ते मुख्यतः दुसऱ्या भागासाठी, आणि लोक नेमके उलट करतात : चालण्यासाठी यंत्र घेतात आणि स्नायूंचा विचारच करीत नाहीत.

आता देश. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो. व्यायामाच्या सल्ल्यातही ते करावे. बुलढाणा-चिखलीच्या पठारावर एप्रिलमध्ये सकाळी जे सुसह्य असते, ते मलकापूर, नांदुरा, शेगाव भागात टिनपत्र्याच्या खोलीत घातक ठरू शकते. वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी माणसालाही अर्धशक्तीचा व्यायाम शीतकाळी आणि वसंतातच सांगितला आहे, अन्य ऋतूंत मंद. म्हणून दिवाळीनंतर सुरू केलेला क्रम चैत्र संपताच उतरवावा, हे रुग्णाला साधन घेण्यापूर्वीच सांगावे. नाहीतर "एवढे पैसे घातले" म्हणून तो मे महिन्यातही घाम गाळीत राहतो.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्याविषयी अधिक गांभीर्याने लिहावे लागते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांतील मूत्रपिंडविकारांचा प्रश्न आपणांस नवा नाही. डंबेल्सच्या मागोमाग घरात प्रथिनांच्या भुकटीचा डबा येतो. या पट्ट्यातील तरुणाला सीरम क्रिएटिनिन आणि मूत्रपरीक्षण केल्याशिवाय अशी भुकटी देऊ नये. क्रिएटिन नावाचे पूरक घेणाऱ्याचा क्रिएटिनिनचा आकडा काहीसा वाढलेला दिसू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी त्याविषयी आवर्जून विचारावे. औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती अशी की, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्ये स्पष्ट छापलेली नाहीत, असे वजन वाढविण्याचे चूर्ण कितीही नफा असला तरी दुकानात ठेवू नये. दोन आठवड्यांत गाल भरून येणारे 'आयुर्वेदिक' चूर्ण स्टेरॉईडच्या संशयानेच पाहिले पाहिजे. त्याची झळ शेवटी आपल्या शास्त्राच्या नावाला लागते.

शरीर आणि व्याधी यांच्या विचारात पुढील रुग्णांना जड वजन वर्ज्य समजावे : अंत्रवृद्धी, रक्तार्श, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेहजन्य नेत्रपटलविकार, आणि छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास. श्वास रोखून वजन उचलताना रक्तदाब एकाएकी चढतो, हे त्याचे कारण. वजन वर जाताना श्वास सोडावा, खाली येताना घ्यावा. चाळिशीपुढील रुग्णाचा रक्तदाब, रक्तशर्करा आणि हृदयालेख पाहूनच सुरुवात करावी. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे घेणाऱ्याने व्यायामाच्या जागी गूळ किंवा साखर हाताशी ठेवावी. सुश्रुतांनी निर्धन प्रमेही रुग्णाला अनवाणी, छत्रीविना शंभर योजने चालण्यास सांगितले आहे, विहीर खणण्याचाही पर्याय दिला आहे. साधनांवाचून व्यायाम कसा करावा याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणार नाही. तथापि पायांची संवेदना गेलेल्या मधुमेहीला अनवाणी चालवू नये. घरातल्या यंत्रावरही त्याला मोजे आणि मऊ बूट हवेतच.

शेतात निंदणी किंवा कापूस वेचणी करून आलेल्या भगिनीला व्यायामसाधन सुचविणे ही मात्र थट्टा होय. चरकाचार्यांनी व्यायामाच्या व्याख्येत ती चेष्टा इष्ट असावी, असे म्हटले आहे. दिवसभर वाकून केलेले कष्ट हे श्रम होत. तिला विश्रांती, अभ्यंग आणि पाठ सरळ करणाऱ्या चार हालचाली पुरेत.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. ट्रेडमिलविषयी विक्रेता अश्वशक्तीचा मोठा आकडा सांगतो, तो बहुधा कमाल शक्तीचा असतो. विचारायचा तो सलग चालण्याच्या शक्तीचा. केवळ चालण्यासाठी दीड ते दोन अश्वशक्ती सलग पुरते. पट्टा चालण्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब असावा, धावण्यासाठी १४० च्या पुढे. ओढताच यंत्र थांबविणारी सुरक्षा-किल्ली कपड्याला अडकविल्याखेरीज पट्ट्यावर पाय ठेवू नये. यंत्रासाठी स्वतंत्र सोळा अँपियरचा, अर्थिंग असलेला बोर्ड हवा, आणि जेथे दाब कमीजास्त होतो तेथे स्टॅबिलायझर. वीज गेली की पट्टा थबकतो आणि माणूस पुढे फेकला जातो. पाठीमागे दोन मीटर मोकळी जागा ठेवावी, भिंत नको. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल वेळोवेळी द्यावे लागते. खोबरेल किंवा यंत्राचे साधे तेल चालत नाही. घरात लहान मूल असेल तर पट्टा फिरत असताना त्याला त्या खोलीत येऊ देऊ नये, बोटे सापडतात.

एवढे सारे सांभाळण्यापेक्षा संधिवाताच्या आणि स्थूल रुग्णांना आम्ही चुंबकीय अवरोधाची स्थिर सायकल अधिक पसंत करतो. तिच्या पायडलला विजेची आवश्यकता नाही आणि गुडघ्यावर शरीराचा भार पडत नाही. बैठक अशा उंचीवर ठेवावी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. बैठक खूप खाली ठेवल्याने गुडघे दुखू लागतात आणि दोष सायकलला दिला जातो. कटिशूल असणाऱ्यास पाठ टेकण्याची सोय असलेली सायकल द्यावी.

वजनांत ओतीव लोखंडाच्या चकत्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या चकत्या स्वस्त मिळतात, पण तडकतात आणि आतला भुगा सांडू लागतो. दांड्याच्या टोकाची आटी व मळसूत्र हाताने फिरवून पाहावे. सैल आटी म्हणजे पायावर पडलेली चकती. प्रारंभी स्त्रियांना एक ते दोन आणि पुरुषांना दोन ते तीन किलोचा डंबेल पुरे. बाकावर आडवे पडून छातीवर दांडा पेलण्याचा प्रकार घरात एकट्याने करूच नये. बाकाची भारक्षमता पाहताना माणसाचे वजन आणि दांड्याचे वजन यांची बेरीज धरावी. फरशीवर जाड रबरी चटई अंथरावी. काळ्या जमिनीवरच्या घरांच्या फरश्या आधीच हललेल्या असतात.

रबरी पट्टे हे सर्वांत स्वस्त आणि वृद्धांसाठी सर्वांत सोयीचे साधन. मात्र त्यांना आपल्या व्यवसायाशी निगडित असा एक शत्रू आहे, तो म्हणजे तेल. दिनचर्येत अभ्यंग व्यायामापूर्वी येतो; रुग्ण तेल लावून थेट पट्टा हाती घेतो. तेलाने नैसर्गिक रबर सैल पडते, चिरते आणि ताणात असताना तुटून डोळ्यावर बसते. डंबेलही तेलकट हातातून सुटतो. अभ्यंगानंतर तळहात व तळपाय कोरड्या कापडाने पुसून थोडे बेसन किंवा कुळथाचे पीठ चोळण्यास सांगावे. महानारायण तेलाची बाटली देतानाच औषधविक्रेत्याने ही सूचना दिल्यास उत्तम.

कंबरेला थरथरविणारे पट्टे आणि घाम आणणारे पट्टे घेऊ नयेत. त्यांनी जाते ते पाणी, मेद नव्हे. स्वेदन आणि मेदःक्षय यांतील भेद आपण रुग्णाला समजावून सांगितला नाही तर कोण सांगणार?

शेवटी आपल्या मातीतल्या साधनांविषयी. वऱ्हाडाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. मुद्गल तर त्याही आधी इंग्रजांनी येथून नेला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली. आज तोच मुद्गल परदेशी नावाने पोलादात मढवून महागात विकला जातो, आणि आपल्या गावच्या मारुतीच्या पारामागे जुनी जोडी वाळवी खात पडलेली असते. (युजेन सँडो या परदेशी मल्लाचे नाव आपण बनियनच्या रूपाने अंगावर वागवतो, ते वेगळेच.)

अपबाहुकाची तीव्र वेदना शमल्यानंतर खांद्याची गती परत आणण्यासाठी दीड-दोन किलोचा हलका मुद्गल आम्हास उपयुक्त वाटतो. गावातला सुतार किंवा खरादी तो बाभळीच्या वा सागाच्या लाकडातून करून देतो. लाकूड पुरते वाळलेले, गाठ नसलेले आणि मूठ गुळगुळीत असावी. जवसाचे तेल पाजून सावलीत वाळवावे. फिरविण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी : छत. हात वर करून मुद्गल उभा धरला असता पंख्याला लागत नाही ना, याची खात्री करावी. शक्यतो अंगणातच फिरवावा. दंड काढताना मनगट दुखत असेल तर खाली लाकडी हत्ते घ्यावेत. दोन विटांवरही पूर्वी काम भागत असे.

जुने साधन विकत घेणाऱ्यास काय सांगावे, असे काही वैद्यबंधूंनी विचारले आहे. टाळेबंदीत घेतलेली यंत्रे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि सायकल, लोखंडी चकत्या, बाक ही साधने जुनी घेण्यास हरकत नाही; सांध्यांचे जोडकाम व गंज तेवढा पाहावा. रबरी पट्टे जुने कधीही घेऊ नयेत. ट्रेडमिल घ्यायची तर ती वीस मिनिटे माणसाला वर चालवून पाहावी. रिकाम्या पट्ट्याचा आवाज काहीच सांगत नाही. मोटार तापल्याचा वास आला, पट्टा एका बाजूस सरकला किंवा पाय टेकताच अडखळला, तर व्यवहार सोडून द्यावा.