विंचू, बिरवाडी आणि लॅन्सेट

संशोधन करायचं म्हटलं की नवखे डॉक्टर आधी गाईड शोधतात, मग ग्रँट, मग मोठी लॅब. त्यांनी डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम जरूर वाचावं.

सत्तरच्या दशकात एमबीबीएस होऊन ते महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान पोरं दगावायची. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवू लागले: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुफ्फुसात पाणी. १९८२ साली ही निरीक्षणं थेट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली!

बरेच जण इथेच थांबतात. पेपर छापला, सीव्हीत एक ओळ वाढली, संपलं. बावस्करांनी मात्र उपाय शोधला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो; प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमकं तेच रोखते. १९८६ मध्ये त्यावरचा लेखही 'लॅन्सेट'ने घेतला. पूर्वी गंभीर रुग्णांत ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू अगदी नगण्य झाले.

मला सर्वांत भारी वाटतो तो पुढचा भाग. विंचवावरची प्रतिलस हाताशी आल्यावर त्यांनी स्वतःच्याच उपचाराची परीक्षा घेतली: नुसतं प्राझोसिन की जोडीला प्रतिलस? जोडी सरस ठरली, आणि २०११ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते छापलंही.