स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड

छायाचित्रे, कागदपत्रे आणि दिनदर्शिका एखाद्या कंपनीच्या हवाली न करता स्वतःच्या ताब्यातील यंत्रावर ठेवणे, यालाच सेल्फ-होस्टिंग म्हणतात. २०१६ मध्ये फ्रँक कार्लिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओनक्लाउड या तशाच प्रकल्पापासून वेगळे होऊन सुरू केलेले नेक्स्टक्लाउड हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते असे, सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ते बसवताना सहसा ब्राउझरची विनंती स्वीकारणारा अपाचे हा वेब सर्व्हर, आज्ञावली चालवणारी पीएचपी आणि नोंदी सांभाळणारा मारियाडीबी हा डेटाबेस लागतो. नवख्यांचे घोडे मात्र अडते ते परवानग्यांपाशी: अपाचे तेथे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे त्याला फायलींच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार नसेल तर अपलोड होत नाही; अशा वेळी वैतागून सर्वांनाच सर्व अधिकार देणारा ७७७ हा आकडा वापरणे म्हणजे घर सताड उघडे टाकणे होय. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळत असल्याने ब्राउझर व सर्व्हरमधील संवाद कूटबद्ध करणारे एचटीटीपीएस टाळण्यास सबब उरत नाही. बॅकअप घेताना फायलींबरोबर डेटाबेस आणि ‘कॉन्फिग.पीएचपी’ ही सेटिंग्जची फाइलही जपावी, आणि तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून एकदा तरी पडताळून पाहावा.