घास वाचवून अमरवेल मारायची

लसूणघासाला अमरवेल लागली की तिला मारणे सोपे. घास वाचवणे कठीण. विषाणूही आपल्या पेशीच्या जिवावर असाच वाढतो.

ग्वाल्हेरला संरक्षण खात्याची डीआरडीई ही प्रयोगशाळा 1973 पासून आहे. डेंगी, चिकुनगुन्याच्या विषाणूंवरील औषधांचा शोध तिथे चालतो. अशा शोधात 96 खळग्यांच्या ताटलीत जिवंत पेशी वाढवतात, विषाणू सोडतात, खळग्याखळग्यांत निरनिराळी रसायने घालतात. पेशी तगली, तर रसायन पुढे. नुसते रसायनही पेशीवर घालून पाहतात. पुष्कळ रसायने इथेच गळतात. अनेक विषाणूंना पुरून उरणारे तर विरळाच! मग प्राणी, शेवटी माणूस.

डेंगीवर मान्यताप्राप्त औषध अजून नाही. त्या तापात अ‍ॅस्पिरिन टाळा, भरपूर पाणी प्या. ताप उतरताना पोट फार दुखले किंवा रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठा.