घर ते गेट

आकुर्डीच्या खंडोबा माळ चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असलेले कामगार दिसतात, तसे दुचाकीवरून तळवडेमार्गे चाकण गाठणारेही. फर्स्ट शिफ्टची घाई असते. यांपैकी कुणाला वाटेत ट्रकने उडवले, तर घरचे लोक दवाखाना, पंचनामा आणि विम्याच्या मागे धावतात. कंपनीचा विषय मात्र ‘गेटबाहेर झालं ना’ एवढ्यावर मिटतो.

तो मिटू देऊ नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा चर्चा झाली ती पगाराची आणि ग्रॅच्युइटीची. या पट्ट्याच्या जिव्हाळ्याची तरतूद मागेच राहिली: घर ते कामाची जागा या प्रवासातल्या अपघाताचा कामाशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात.

हे सहज मिळालेले नाही. २२ एप्रिल २००३ ला तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी मोटारसायकलवरून पहाटे तीनच्या ड्यूटीला निघाला. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुले, आई. २००९ मध्ये ३ लाख २६ हजार १४० रुपयांची भरपाई मंजूर झाली, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली २९ जुलै २०२५ ला. बावीस वर्षे! एवढ्या पहाटे माणूस ड्यूटीवर नाही तर कुठे निघणार होता?

पण संबंध कागदावर दिसावा लागतो. शिफ्टचे वेळापत्रक, पंचिंगची नोंद, ओळखपत्र जपून ठेवावे. पोलिसांना जबाब देताना ‘कामावर जाताना’ हे शब्द आवर्जून लिहून घ्यावेत. कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर दावा ईएसआयकडेच.

ईएसआय नसलेल्यांपुढे दोन वाटा असतात आणि भरपाई एकाच वाटेने मिळते. मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम बहुधा मोठी ठरते, पण समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते. खड्ड्यात गाडी घसरून एकटाच पडलेल्याला तिथे फारसे हाती लागत नाही. मालकाकडून मागायच्या भरपाईत कुणाची चूक हा प्रश्नच येत नाही. वकिलाने अर्जावर सही घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

न्यायाधिकरणात जायचे तर कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. त्यासाठी पुण्यातच हेलपाटे घालायला हवेत असेही नाही. कुटुंब लातूर-नांदेडला राहत असेल, तर दावा तिथेही दाखल होतो.