विश्लेषण : दूरच्या दीर्घिकेतील वायू आत येतोय की बाहेर जातोय, हे कसे कळते?

पालघर किंवा बोईसरच्या फलाटावरून न थांबणारी एक्स्प्रेस जाते, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनीच अनुभवलेली असते. गाडी जवळ येताना भोंगा चढ्या सुरात वाजतो, ती पुढे निघून गेली की तोच सूर एकदम उतरतो. डोळे मिटले तरी गाडी येतेय की जातेय, हे कानांना कळते. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांतील वायूचा वेग खगोलशास्त्रज्ञ याच तत्त्वावर मोजतात. तिथे सुराऐवजी पाहायची असते एका काळ्या रेघेची जागा.

शोषणरेषा म्हणजे काय?

प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषते. प्रखर प्रकाशाच्या वाटेत थंड वायू आला की वर्णपटात त्या जागी काळी रेघ उमटते. सूर्याच्या वर्णपटातील अशा रेघांचा पद्धतशीर अभ्यास जोसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सुरू केला. औद्योगिक सांडपाण्यात शिसे, क्रोमियमसारखे धातू किती आहेत, हे तपासण्याची अणुशोषण पद्धतही याच तत्त्वावर चालते.

वेग कसा मोजतात?

वायू आपल्याकडे येत असेल तर रेघ वर्णपटाच्या निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. विश्वाच्या प्रसरणामुळे अख्खी दीर्घिकाच आपल्यापासून दूर जात असते. तो भाग आधी वजा करतात. उरतो तो वायूचा स्वतःचा वेग. हा वेग सेकंदाला १०० किलोमीटर असला, तरी रेघ जेमतेम ०.०३ टक्के सरकते.

आत की बाहेर?

दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र आणि आपण यांच्या मध्ये असलेला वायू आपल्याकडे येत असेल, तर तो केंद्रातून बाहेर फेकला जात आहे. आपल्यापासून दूर जात असेल, तर तो केंद्राकडे ओढला जात आहे. मात्र प्रकाश मागच्या दुसऱ्याच एखाद्या क्वेसारचा असेल, तर वायू दीर्घिकेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे रेघ सांगत नाही. मग निष्कर्ष जपून काढावा लागतो.

हे कळून काय उपयोग?

थंड वायू हा ताऱ्यांचा कच्चा माल. त्याची आवक आटली किंवा केंद्रातील कृष्णविवराच्या झोतांनी तो बाहेर लोटला, की नवे तारे घडणे मंदावते. दीर्घिकेचे पुढे काय होणार, हे या आवक-जावकीवर ठरते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असे वेध घेते. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. हायड्रोजनची रेषा मुळात १४२० मेगाहर्ट्झची. सुमारे ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशात ती प्रसरणामुळे ७१० मेगाहर्ट्झवर येते. मोबाइलचा ७०० मेगाहर्ट्झ पट्टाही इथलाच! म्हणूनच या दुर्बिणीभोवती रेडिओ शांतता लागते. पुणे-नाशिकच्या नियोजित रेल्वेमार्गाबाबत आक्षेप आला, तोही तिच्या कामात व्यत्यय येईल म्हणून. फलाटावर गलका वाढला की दूरच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, तसेच हे आहे.