कबड्डीचा लिलाव

गेल्या चैत्रात गावची जत्रा होती. आखाड्याच्या कडेला आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो चाळिशीचा आहे. घोडनदीच्या काठी त्याची तीन एकर जमीन आहे. तो म्हणाला, "गुरुजी, पोरगं कबड्डी खेळतं. दहावी सोडून अकादमीत जातो म्हणतं. टीव्हीवर एकेकाला कोटी कोटी मिळतात. अर्धा एकर विकू का?"

हा सवाल आज पुष्कळ घरांत आहे. म्हणून हा पैसा कुठून येतो आणि कुणाला मिळतो, ते नीट पाहू.

आपण कांदा घेऊन मार्केट यार्डात जातो. व्यापारी बोली लावतात. ज्याची बोली चढती, त्याचा माल. कबड्डीच्या गड्यांचाही असाच लिलाव होतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून हे चालू आहे. यात माणूस विकला जात नाही बरं का. ठरलेल्या हंगामापुरता त्याचा खेळ विकला जातो.

२०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने पवन सेहरावत या गड्याला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. तोवर कबड्डीत एवढी बोली कधी लागली नव्हती. सगळ्या गड्यांवर मिळून एका संघाने ५ कोटीच खर्चायचे, असा नियम होता. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एकावरच गेला. पुढे झाले काय? हा संघ २२ सामन्यांतले दोनच जिंकला आणि १२ संघांत शेवटचा आला. अजिंक्यपद आपल्या पुणेरी पलटणने मिळवले. १ मार्च २०२४ ला त्यांनी हरियाणाला २८-२५ असे हरवले. बक्षीस ३ कोटींचे. कप्तान होता अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा. पण पुण्यानेही इराणच्या एका गड्याला २ कोटी ३५ लाख मोजले होते, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्ही अर्धेच सांगितले असे व्हायचे.

आता पैसा येतो कुठून? तिकिटांतून थोडा. मोठा पैसा टीव्हीचा आणि जाहिरातींचा. क्रिकेटच्या आयपीएलचे सामने दाखवण्याचा हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकला गेला. कंपन्या एवढे देतात, कारण खेळ बघता बघता आपण त्यांच्या जाहिराती बघतो. मग दुकानात जाऊन तोच साबण मागतो. म्हणजे गड्याच्या कोटीत आपलेही चार आणे आहेत.

आणि जो पैसा देतो, तो खेळही आपल्या सोयीने वळवतो. पूर्वी चढाई करणारा गडी गुण न घेताच परत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा रिकामा यायचा. बघणारा कंटाळायचा. लीगने नियम केला, की लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे. नाहीतर तो गडी बाद. आम्हाला हा नियम आवडला, खोटे का बोला!

जुने सगळे चांगले होते, असे आम्ही म्हणणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा जायला पैसा नव्हता. वर्गणी मागावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या भरवून ते कर्ज फेडले. देशासाठी खेळणाऱ्यावर अशी पाळी यावी, यात कसली आली शोभा? आज गड्याला पैसा मिळतो, हे चांगलेच आहे.

पण खर्डेकरांनी घर गहाण टाकले, ते १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहाव्या आलेल्या पैलवानासाठी. आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा अजून तालुक्याच्या संघातही नाही.

आम्ही त्याला मातीवर काडीने हिशेब करून दाखवला. संघ १२. एका संघात फार तर २५ गडी. झाले ३००. त्यात परदेशीही आले. साऱ्या देशातल्या पोरांना एवढ्याच जागा. कोटीचा गडी त्यांतही विरळा. शिवाय गुडघा एकदा गेला, की पुढच्या लिलावात बोली कोण लावणार?

दुसरी वाट आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. पण नुसत्या खेळाच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. त्या जागेला लागणारे शिक्षणही हवे. दहावी सोडली, तर ती वाटही बंद.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पोराला कसं सांगू, गुरुजी?"

"आमच्याकडे पाठव," आम्ही म्हणालो.

पोरगा आला, रुसून बसला, तिसऱ्या दिवशी बोलला. आता सकाळी शाळेत जातो, संध्याकाळी मैदानावर. गणितात कच्चा आहे, म्हणून रविवारी आमच्याकडे येतो. चढाईत मात्र त्याचा पाय फार चपळ आहे. जमीन अजून सातबाऱ्यावर बापाच्याच नावाने आहे.