लेख तटस्थ, संपादक मुके कशाला?

‘एएनआय’ ही वृत्तसंस्था विरुद्ध विकिपीडिया चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन या खटल्याविषयीचं विकिपीडियावरचं पान काढून टाकण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या त्या निकालानंतरही एक सल्ला कानावर येतोच: ज्ञानकोशवाल्यांनी निमूट लेख लिहावेत, कायदे आणि सरकारं यांत पडू नये. मला तो मुळीच पटत नाही.

इटलीत २०११ साली बर्लुस्कोनी सरकारच्या फोन-टॅपिंग विधेयकात एक कलम होतं. एखाद्या संकेतस्थळावरच्या मजकुराने आपली बदनामी होते असं कुणालाही वाटलं, की त्याने पाठवलेला खुलासा ४८ तासांत जसाच्या तसा छापायचा. मूळ मजकूर खरा की खोटा, हे न्यायाधीशाने बघायचंच नाही! संदर्भ तपासून लिहिलेला परिच्छेद तक्रारदाराच्या मर्जीवर सोडायचा, तर ज्ञानकोश चालवायचा कशाला? इटालियन विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी आपसांत चर्चा करून ४ ऑक्टोबरला सगळी पानं झाकली. पुढच्या महिन्यात बर्लुस्कोनी पायउतार झाले आणि विधेयक बारगळलं.

अमेरिकेतल्या ‘सोपा’ या ऑनलाइन चाचेगिरीविरोधी विधेयकाविरुद्ध १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला. चर्चेत अठराशेहून अधिक जणांनी भाग घेतला होता. त्या दिवशी ‘सोपा’वरचा लेख मात्र मुद्दाम उघडा ठेवला होता आणि विधेयकाच्या समर्थकांची बाजूही त्यात होती. संस्थेने भूमिका घ्यावी आणि लेखाने घेऊ नये, हे एकाच वेळी जमतं, याचा मला याहून चांगला पुरावा माहीत नाही. दोनच दिवसांत विधेयक लांबणीवर पडलं. जर्मन स्वयंसेवकांनीही २०१९ मध्ये आपला विकिपीडिया बंद ठेवला, पण त्यांना असं यश आलं नाही. युरोपचा कॉपीराइट निर्देश मंजूर झालाच.

अर्थात, निवडणुका, युद्धं, पक्ष यांवर ज्ञानकोशाने मत देऊ नये. लिहिण्याच्या, संदर्भ देण्याच्या हक्कावर घाला येईल तेव्हाच बोलावं. आणि ते कुणी ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे. दिल्लीच्या खटल्यात तीन संपादकांची ओळख मागितली गेली. छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. समन्स येतं ते बिनपगारी लिहिणाऱ्याच्या दारात. फाउंडेशनच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यालयाने आपल्या नावे परस्पर पत्रक काढणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. मराठी विकिपीडिया एखाद्या कायद्याविरुद्ध उभा राहणार असेल, तर कौल मराठी संपादकांचाच हवा, आणि तो देताना त्यांची नावं झाकलेली राहतील याची हमी फाउंडेशनने आधी द्यायला हवी.